गच्चीवरच्या ४८ पिशव्या: वनस्पती-विविधता शिकवायला पिकांचा प्रयोग कसा मांडावा?

वरकस (ठाणे पश्चिम)

इकॉलॉजीच्या द्वितीय वर्षाच्या वर्गासाठी दिवाळीनंतरच्या सत्रात एक प्रयोग लावायचा आहे. मुलं ४०. येऊरच्या जंगलात नेऊन चौकट टाकणं, जाती मोजणं, विविधतेचे निर्देशांक काढणं हे दरवर्षी होतंच. पण जंगलात अमुक झाड इथे का आणि तमुक का नाही, याचं कारण मोजून सिद्ध होत नाही. म्हणून मुलांनी स्वतः पेरावं, कापावं, तोलावं आणि वेगवेगळ्या वनस्पती एकत्र वाढल्या की एकूण वाढ खरंच जास्त होते का, ते पाहावं.

जागा: गच्ची, ३० बाय ४० फूट. पश्चिमेला पाण्याची टाकी आहे, दुपारी तीननंतर तिची सावली सरकत येते. वेळ: सहा ते सात आठवडे. ओव्हन आहे, ०.०१ ग्रॅमचा तराजू आहे.

पिकं कोणती घ्यावीत, पिशव्या किती, खत किती, आणि शेवटी हिशेब कसा करावा? नाचणी असावी अशी इच्छा आहे, कारण शहापूर-मुरबाडच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर मुलांना तीच दाखवता येते.

---

निमगरवा

चार पिकं पुरेत, पण चारही वेगळ्या स्वभावाची हवीत. एक गवतवर्गीय, एक कडधान्य, एक उंच वाढणारी पालेभाजी आणि एक जमिनीलगत पसरून मुळात साठा करणारं. माझी निवड: नाचणी, मूग, लाल माठ, मुळा.

ज्वारी नको. तिच्या मुळांतून शेजारच्या रोपांची वाढ रोखणारं द्रव्य झिरपतं. मिश्रणात काही बिघडलं तर ते प्रकाशामुळे, नत्रामुळे की त्या द्रव्यामुळे, हे मुलांना सांगता येणार नाही. चवळी चांगली वाढते, पण वेल टाकणारी जात आली तर शेजारच्या पिशवीत हात घालते. कोकण सदाबहारसारखी बुटकी जात मिळाली तरच घ्या. वालाला आपल्याकडचा हिवाळा मानवतो, भातानंतरच्या ओलीवर तो घेतलाच जातो, पण सहा आठवड्यांत त्याचा जीव दिसत नाही. मूग डिसेंबरात थोडा मंद चालतो, तरी ठाण्याच्या थंडीत थांबत नाही.

आता नाचणी. ती सगळ्यांबरोबर बी टाकून पेरलीत तर प्रयोग पहिल्या वीस दिवसांतच संपेल. नाचणीचं रोप सुरुवातीला फार हळू चालतं. मुळा चौथ्या दिवशी वर येतो, पंधराव्या दिवशी त्याची पानं पिशवी झाकतात आणि नाचणी त्याखाली पिवळी पडते. म्हणून शेतकरी करतात तेच करा: आवण करून लावणी. दिवाळीच्या सुट्टीआधी ट्रेमध्ये पेरा, १८ ते २० दिवसांची रोपं झाली की बाकीच्या तीन पिकांच्या पेरणीच्याच दिवशी लावा. एकट्या नाचणीच्या पिशव्यांतही तीच आवणाची रोपं लागली पाहिजेत, म्हणजे तुलना सरळ राहते.

बियांच्या आकारातला फरक मुलांना हातात घेऊन दाखवा. मुगाच्या हजार दाण्यांचं वजन ३५ ते ४० ग्रॅम भरतं, माठाच्या हजार बियांचं एक ग्रॅमसुद्धा नाही. आईने दिलेली शिदोरी इतकी वेगळी असताना पंचविसाव्या दिवसानंतर माठ सगळ्यांच्या डोक्यावर जातो. यातच स्पर्धेचा अर्धा धडा आहे.

---

ऐरोली सेक्टर पाच

मातीबद्दल आधीच सांगतो. वाशी, ऐरोली, घणसोलीत खाडीलगतच्या भरावाची माती आणू नका, तिच्यात क्षार असतात. मूग आणि मुळा उगवतात, मग पानांच्या कडा जळतात आणि सगळा दोष मिश्रणावर जातो. एक भाग माती, अडीच भाग पाणी ढवळून ईसी मीटरने (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) मोजा. एक डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली असेल तरच घ्या. मीटर नसेल तर एका कुंडीत मुळ्याच्या २० बिया टाकून दहा दिवस वाट पाहा. सोळा-सतरा उगवून हिरव्या राहिल्या तर माती चालेल.

---

तराजू

मांडणी लिहितो. इथे चूक झाली तर नंतर कोणतंही गणित वाचवत नाही.

चार पिकं एकेकटी: ४ प्रकार. जोड्या: ६ प्रकार. चारही एकत्र: १ प्रकार. हे झाले ११. पहिल्या दहांच्या प्रत्येकी ४ पिशव्या म्हणजे ४०, आणि चौघांच्या मिश्रणाच्या ८. एकूण ४८. मिश्रणाच्या दुप्पट अशासाठी की नाहीतर विविधतेच्या वरच्या टोकाला फक्त चार आकडे उरतात आणि एक पिशवी कबुतरांनी खाल्ली तर तीनच.

प्रत्येक पिशवीत ८ रोपं. एकट्यात एकाच पिकाची ८, जोडीत ४ आणि ४, चौघांत २-२-२-२. एकूण संख्या कुठेही बदलायची नाही. सी. टी. डी विट यांनी १९६० साली मांडलेली बदली मालिका ती हीच: एक रोप काढलं की त्या जागी दुसऱ्या पिकाचं एक. हिशेब केलात तर प्रत्येक पिकाची बरोबर ९६ रोपं लागतात.

आठही रोपं एका वर्तुळावर. पिशवी १२ इंच व्यासाची घ्या, पुठ्ठ्याची तेवढीच चकती कापा, मध्यापासून ११ सेंटिमीटरवर आठ भोकं पाडा. दोन रोपांत साडेआठ सेंटिमीटर पडतात आणि मध्यभागी कोणीच नसतं. मध्ये एक रोप लावलंत तर त्याला सात शेजारी आणि बाकीच्यांना तीन, मग मधल्या रोपाचं वजन वेगळ्याच कारणाने कमी येतं.

जोडीत एकाआड एक लावा. चौघांत मात्र सगळीकडे नाचणी-मूग-माठ-मुळा याच क्रमाने लावलंत तर नाचणीला माठ कधीच शेजारी मिळत नाही. चौघांना वर्तुळात बसवण्याचे खरे वेगळे क्रम तीनच आहेत: नाचणी-मूग-माठ-मुळा, नाचणी-माठ-मूग-मुळा, नाचणी-मूग-मुळा-माठ. आठ पिशव्यांत हे तीन क्रम ३, ३, २ असे वाटून द्या.

गच्चीचे चार पट्टे पाडा, टाकीच्या सावलीला समांतर. प्रत्येक पट्ट्यात १२ पिशव्या: दहा प्रकारांची एकेक आणि चौघांच्या दोन. पट्ट्यातली जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. सावलीत राहणारा पट्टा सगळाच कमी वाढेल, पण त्यात सगळे प्रकार असतील. पिशव्या फिरवायच्याच असतील तर पट्ट्याच्या आतच फिरवा.

---

रानमेथी

मिश्रणात रोपं जास्त का घालू नयेत? शेतकरी आंतरपीक घेतो तेव्हा मुख्य पिकाची रोपं कमी करत नाही, ओळींच्या मधल्या जागेत वाढीव पेरतो.

---

तराजू

शेतात ते बरोबरच आहे, कारण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. माझी मुख्य रास न घटता वर काय मिळेल, हे त्याला पाहायचं असतं. वर्गाचा प्रश्न आहे की जाती वाढल्या म्हणून फरक पडला का. ८ नाचण्यांत ८ मूग वाढवलेत आणि वजन वाढलं, तर ते विविधतेमुळे की १६ रोपांमुळे? उत्तर सांगता येत नाही. वाढीव पद्धत दाखवायचीच असेल तर एकट्या १६ नाचणीच्या आणि एकट्या १६ मुगाच्या पिशव्याही लावाव्या लागतील. सहा आठवड्यांत आणि ४८ पिशव्यांत ते बसत नाही.

---

गाठी

खताबद्दल वेगळं लिहितो, कारण कुंडीतल्या विविधतेच्या प्रयोगाचा सगळ्यात मोठा घात खतामुळे होतो. बाग करायची सवय असलेला माणूस तीन भाग मातीला एक भाग गांडूळखत घालतो. तेवढ्यात नत्र इतकं असतं की मूग मुळांवर गाठी (ज्यांतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात) धरायची तसदीच घेत नाही. मग मुगाशेजारच्या नाचणीला कोणता फायदा दिसणार? सगळं हिरवंगार होतं आणि प्रयोग कोरा राहतो.

पिशवीत माती १० इंच भरा, साधारण १८ लिटर. मिश्रण: ३ भाग लाल माती, १ भाग भरड वाळू, आणि पिशवीमागे फक्त अर्धा किलो पूर्ण कुजलेलं शेणखत. ४८ पिशव्यांना साधारण ६१० लिटर माती, २०५ लिटर वाळू, २४ किलो शेणखत. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे पिशवीला अडीच ग्रॅम, आणि सहा आठवड्यांत त्यातला थोडाच भाग मोकळा होतो. गांडूळखत त्याहून दुप्पट-अडीचपट जोरकस, ते घालणार असाल तर २०० ग्रॅमवर थांबा. सगळी माती एकाच ताडपत्रीवर फावड्याने तीनदा उलटून मगच भरा. पिशवी-पिशवीला वेगळं कालवलंत तर फरक तिथूनच सुरू होतो.

स्फुरद (फॉस्फरस) मात्र लागतं. आपल्या जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, आणि स्फुरद नसेल तर गाठी होत नाहीत. हेक्टरी ५० किलोच्या हिशेबाने चौरस मीटरला ५ ग्रॅम, १२ इंची पिशवीचं तोंड ०.०७३ चौरस मीटर, म्हणून ०.३६५ ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते १६ टक्के असतं, तेव्हा पिशवीला २.३ ग्रॅम सुपर फॉस्फेट. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. हेक्टरवरून कुंडीवर उतरताना शून्यं हमखास चुकतात. सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर थोडा चुना मिसळून आठ दिवस ओली ठेवून मग वापरा.

मुगाला रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) लावा. प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट. तुम्हाला ९६ जागा, जागी ३ दाणे, म्हणजे २८८ दाणे, जेमतेम ११ ग्रॅम मूग. त्याला चिमूटभर पुरतं. ५ ग्रॅम गूळ ५० मिलिलिटर पाण्यात उकळून पूर्ण थंड करा, त्याचे काही थेंब आणि ती चिमूट यांत दाणे हलक्या हाताने घोळवा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक चोळलेलं गुलाबी किंवा निळं बी घेऊ नका, जिवाणू त्यावर टिकत नाहीत. वाण्याकडचे अख्खे मूग चालतात, आधी २० दाणे ओल्या फडक्यात घालून उगवण पाहा.

पस्तिसाव्या दिवशी मुलांना जे दाखवायचं ते असं. मुगाचं एक जादा रोप (यासाठी दोन पिशव्या प्रयोगाबाहेर ठेवा) मुळासकट पाण्यात सोडून माती सुटू द्या. मुख्य मुळावर, वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये, मोहरीएवढ्या गाठी दिसतील. ब्लेडने एक अर्धी चिरा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, तो रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या प्रथिनाचा. पांढरी असेल तर कोवळी किंवा निकामी. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. भरपूर गांडूळखत घातलेल्या कुंडीतलं एक रोपही शेजारी ठेवा. त्याची मुळं जवळजवळ गुळगुळीत निघतील.

---

ऐरोली सेक्टर पाच

गच्चीच्या वजनाचं कोणी बोललं नाही. ओली पिशवी ३० किलो धरा. ४८ पिशव्या म्हणजे १४०० किलोच्या वर. बांधकाम अभियंत्याला विचारून, तुळयांच्या रेषेवर आणि कठड्याजवळ पसरून ठेवा, सगळ्या मधोमध नकोत. प्रत्येक पिशवीखाली दोन विटा. नाहीतर निचऱ्याची भोकं बसतात, पाणी साचतं आणि वॉटरप्रूफिंगची तक्रार आली की प्रयोग मध्येच उचलावा लागतो.

कोकोपीटने वजन कमी होतं हे खरं, पण त्याचे तंतू मुळांना चिकटतात आणि मुळं धुताना सुटत नाहीत.

---

वरकस (ठाणे पश्चिम)

खूप उपयोगी. वजनाचं खरंच लक्षात नव्हतं. गच्चीवर परवानगी मिळाली नाही तर तळमजल्यावर इमारतीच्या पूर्वेला पट्टा आहे, तिथे ऊन एकपर्यंतच.

हिशेबाचं कोणी उलगडून सांगेल का? मुलांना सूत्र पाठ करायला लावायचं नाही.

---

तराजू

एक जोडी घेऊ. आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत.

एकटी नाचणी: पिशवीला सरासरी २४ ग्रॅम कोरडं वजन. एकटा मूग: १६ ग्रॅम. मिश्र पिशवीत नाचणी १५, मूग ७, एकूण २२.

पहिली पायरी. मिश्रणात नाचणीची रोपं निम्मी, म्हणून अपेक्षा १२ ग्रॅम, मिळाले १५. मुगाची अपेक्षा ८, मिळाले ७. नाचणीचा सापेक्ष वाटा १५ भागिले २४ म्हणजे ०.६२५. मुगाचा ७ भागिले १६ म्हणजे ०.४३७५. बेरीज १.०६२५. ही बेरीज १ असती तर दोघांनी एकाच ताटातलं वाटून खाल्लं. १ पेक्षा जास्त, म्हणजे काहीतरी वाढीव हाती लागलं. शेतीच्या भाषेत हेच जमीन समतुल्य गुणोत्तर: एवढं उत्पादन वेगवेगळं घ्यायला १.०६ पट जमीन लागली असती.

दुसरी पायरी. अपेक्षेपेक्षा २ ग्रॅम जास्त आले (२२ वजा २०). हे दोन ग्रॅम आले कुठून? लोरो आणि हेक्टर यांनी २००१ साली याची फोड करून दिली. नाचणीचा वाटा ०.५ पेक्षा ०.१२५ ने जास्त, मुगाचा ०.०६२५ ने कमी. या दोन फरकांची सरासरी ०.०३१२५. एकट्या पिकांच्या वजनांची सरासरी २०. पिकं दोन. गुणाकार: २ × ०.०३१२५ × २० = १.२५ ग्रॅम. हा पूरकतेचा भाग, दोघांनी मिळून साधनं जास्त चांगली वापरल्याचा. उरलेले ०.७५ ग्रॅम निवडीचा भाग: जे पीक मुळातच जोरकस, त्यानेच मिश्रणात जास्त जागा बळकावली. १.२५ आणि ०.७५ मिळून २. जमलं.

निवडीचा भाग मुलं पडताळूनही पाहू शकतात. वाट्यांचे सरासरीपासूनचे फरक: नाचणी अधिक ०.०९३७५, मूग उणे ०.०९३७५. वजनांचे सरासरीपासूनचे फरक: अधिक ४, उणे ४. जोडीजोडीने गुणा, ०.३७५ आणि ०.३७५, बेरीज ०.७५. चार पिकांच्या पिशवीतही तेच करायचं, फक्त अपेक्षित वाटा ०.२५.

चारही पिकं एकेकटी लावल्याशिवाय यातलं काहीच निघत नाही. जागा कमी पडली तर एखादी जोडी गाळा, एकट्या पिशव्या गाळू नका.

---

रानमेथी

पण या उदाहरणात एकट्या नाचणीने २४ दिले आणि मिश्रणाने २२. मग विविधतेचा फायदा झाला असं म्हणायचं कसं?

---

निमगरवा

हाच प्रश्न वर्गात यायला हवा, आणि त्यासाठी अख्खा तास राखून ठेवा. मिश्रण सरासरीपेक्षा वर आहे, सर्वोत्तम एकट्या पिकाच्या खाली आहे. दोन वेगळी विधानं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. अहवालात कोणतं विधान केलं ते मुलांनी स्पष्ट लिहावं.

याच मुद्द्यावर १९९० च्या दशकात इकॉलॉजीत मोठा वाद झाला. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे टिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली १६८ वाफ्यांत १, २, ४, ८ आणि १६ जाती पेरल्या. जाती वाढतील तसं वजन वाढलं. अशा प्रयोगांवर हस्टन यांनी १९९७ साली आक्षेप घेतला: जाती जास्त घेतल्या की त्यांत एखादी धष्टपुष्ट जात सापडण्याची शक्यताच वाढते, मग श्रेय विविधतेचं की त्या एका जातीचं? लोरो-हेक्टरची फोड या वादातूनच आली. तुमच्या पिशव्यांत ती धष्टपुष्ट जात बहुधा माठ असेल. माठ असलेल्या आणि नसलेल्या पिशव्या वेगळ्या करून आलेख काढायला सांगा.

एका पिकाच्या आतली विविधताही याच तासाला सांगण्यासारखी आहे. चीनच्या युनानमध्ये करप्याला (भातावरचा बुरशीचा रोग) बळी पडणारा चिकट भात आणि करपा सोसणारा संकरित भात मिसळून लावला, तेव्हा चिकट भातावरचा करपा एकट्या लावणीच्या तुलनेत ९४ टक्के कमी झाला आणि त्याचं उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढलं. हे २००० साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे हळवं, निमगरवं, गरवं (लवकर, मध्यम आणि उशिरा तयार होणारं) भात वेगवेगळ्या खाचरांत ठेवण्यामागे पाण्याचा आणि मजुरीचा हिशेब असतो, करप्याचा नव्हे. दोन्ही गोष्टी एक समजू नयेत.

---

गाठी

पूरकतेचं कारण सांगताना एक सावधगिरी. पुस्तकात पहिलं कारण असतं की एकाची मुळं वर आणि दुसऱ्याची खोल. १० इंच मातीत ते शक्यच नाही. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांची मुळं तळाला टेकतात. तुमच्या पिशव्यांत पूरकता दिसली तर ती नत्रातून, उजेडातून किंवा वेळेच्या फरकातून आलेली असेल. खोली दाखवायची असेल तर एक वेगळी पेटी करा: ६० सेंटिमीटर उंच, ३० रुंद, ५ जाड, एका बाजूला ॲक्रिलिक. ती बाजू खाली येईल अशी २५ ते ३० अंश कलती ठेवा म्हणजे मुळं काचेवरून सरकतात, आणि वरून काळं कापड. उजेड पडला की मुळं काचेपासून दूर जातात आणि शेवाळ धरतं. पेटीचं वजन हिशेबात घ्यायचं नाही, ती पाहण्यापुरती.

---

बांधावरची तूर (कल्याण)

काय बिघडतं ते सांगते.

कबुतरं. मुगाचं दल वर आलं की सकाळी सात वाजता चट करतात. पेरणीच्याच दिवशी नायलॉनची जाळी दीड फुटावर ताणा, पंधराव्या दिवशी काढा. नंतर ठेवली तर माठ जाळीत अडकतो.

विरळणी. जागी २-३ बिया टाकून आठव्या दिवशी एक ठेवायचं. मुलं मोठं रोप ठेवतात, आणि मिश्रणात एक गट मोठं ठेवतो तर दुसरा मधलं. नियम एकच लिहून द्या: खुणेच्या सर्वात जवळचं ठेवा. रोप उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा, नाहीतर शेजारचं हलतं. माठाचं बी इतकं बारीक की चिमटीतून पंधरा पडतात. एक भाग बी दहा भाग कोरड्या बारीक वाळूत मिसळून टाका आणि वर मातीचा पातळ थर, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी.

मर. बाराव्या दिवसापर्यंत मेलेलं रोप जादा रोपांतून भरा, त्यानंतर भरू नका, नोंद करा. म्हणून प्रत्येक पिकाची १५ रोपं ट्रेमध्ये वेगळी वाढवा.

पाणी. मोजून, मगने. पहिले दोन आठवडे अर्धा ते पाऊण लिटर, पुढे एक ते दीड. सगळ्या पिशव्यांना सारखंच. माठाची पिशवी लवकर कोमेजते म्हणून तिला जादा घातलंत तर पाण्यासाठीची स्पर्धाच पुसली गेली. नाताळच्या सुट्टीची पाळी आधीच लावा, रोपं तेव्हा महिन्याची असतात आणि दोन दिवस चुकले तरी मुळा माना टाकतो.

किडी. मुळ्यावर पानं कुरतडणारे उडते भुंगे, मुगावर मावा, माठावर पानं गुंडाळणारी अळी. औषध मारायचं असेल तर सगळ्या ४८ वर, त्याच दिवशी. त्याआधी कोणत्या पिशवीत किती हे मोजून घ्या. एकट्या पिकावर कीड जास्त आणि मिश्रणात कमी असं निघालं तर तो स्वतंत्र निष्कर्ष आहे.

नावं. मार्करची शाई तीन आठवड्यांत उडते. प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलने लिहा.

---

तराजू

'बांधावरची तूर' यांच्या यादीत कापणीचं जोडतो. ४२ व्या दिवशी एका दिवसात सगळं कापा. दोन दिवसांवर गेलं तर एका दिवशी पट्टे १ आणि २, दुसऱ्या दिवशी ३ आणि ४.

मुळ्याचं काय मोजणार ते पेरणीआधीच ठरवा. फक्त वरचा पाला मोजलात तर त्याचा सापेक्ष वाटा काढता येतो, कारण दोन्हीकडे मोजमाप एकच. पण पिशवीचं एकूण वजन काढताना त्याच्यावर अन्याय होतो, त्याने कमाई खाली पुरून ठेवलेली असते. मी पाला अधिक जाड मूळ घेईन, बाकी तिघांचा जमिनीवरचा भाग.

ओलं वजन वापरू नका. मुळ्यात ९४-९५ टक्के पाणी असतं, नाचणीत बरंच कमी. ओल्या वजनावर मुळा राजा ठरतो, कोरड्यावर प्यादं. मूळ ३-४ मिलिमीटरच्या चकत्या करून कागदी पिशवीत, ७० अंशांवर ४८ तास. पुन्हा २४ तासांनी तोला, फरक एक टक्क्याच्या आत असेल तर झालं. ओव्हनमध्ये सगळं एकदम कोंबू नका, मधल्या पिशव्या शिजतात पण वाळत नाहीत.

आणि पिशवी हा एक आकडा आहे. तिच्यातली आठ रोपं म्हणजे आठ पुरावे नव्हेत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलेली ही खोटी पुनरावृत्ती विद्यार्थ्यांच्या अहवालांत फार सापडते. ३८४ रोपं तोलली तरी विश्लेषणात ओळी ४८ च.

---

रानमेथी

शॅनन निर्देशांक कुठे बसतो यात? अभ्यासक्रमात तो आहेच.

---

निमगरवा

जाती किती आणि त्यांचे वाटे किती सारखे, हे तो एका आकड्यात सांगतो. दोनदा काढायला लावा. पेरणीच्या दिवशी चौघांच्या पिशवीत प्रत्येकाचा वाटा ०.२५, निर्देशांक १.३८६, समानता (निर्देशांक भागिले त्याची कमाल किंमत) १. कापणीच्या दिवशी तोच निर्देशांक वजनावरून काढा. समजा माठ ०.६, नाचणी ०.२, मूग ०.१, मुळा ०.१ असं झालं तर तो १.०८९ वर येतो आणि समानता ०.७९ होते. जाती चारच्या चार जिवंत, तरी विविधता घटली. येऊरला नुसती झाडं मोजून काढलेला निर्देशांक आणि बुंध्याच्या घेरावरून काढलेला निर्देशांक वेगळे का येतात, हे यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक छोटी जोड. विविध समूहात उपऱ्याला शिरकाव कठीण, ही एल्टन यांची १९५८ ची कल्पना. पंधराव्या दिवशी प्रत्येक पिशवीच्या मोकळ्या मध्यभागात मोहरीच्या २० बिया टाका आणि तिसाव्या दिवशी किती जगल्या ते मोजून कापून टाका. प्रत्येक पिशवीत टाकायच्या, काहींत नव्हे. गाजर गवत किंवा दुसरं खरं तण मात्र हौसेनेही पेरू नका.

---

बांधावरची तूर (कल्याण)

शहापूर-मुरबाडकडे न्यायचं असेल तर नाचणीची कापणी बघायला ऑक्टोबरअखेर, आणि भातानंतरचा वाल बघायला डिसेंबर-जानेवारी. खाचराच्या बांधावर तूर दिसेल. मुलांना विचारा की ही तूर बांधावरच का. खाचरात पाणी साचतं आणि तुरीचं मूळ पाण्यात कुजतं, बांध उंच आणि निचऱ्याचा. एकाच शेतात दोन अधिवास आहेत हे तिथे डोळ्यांना दिसतं. शेतकऱ्याला आधी विचारून जा, आणि उभ्या पिकात चौकट टाकू नका.

---

वरकस (ठाणे पश्चिम)

सगळं उतरवून घेतलं. वेळापत्रक असं धरतो: सुट्टीआधी नाचणीचं आवण, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लावणी-पेरणी, पंधराव्या दिवशी मोहरी, तिसाव्या दिवशी मोजणी, पस्तिसाव्या दिवशी गाठी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कापणी.

शेवटचा प्रश्न. कापणीनंतर माती रिकामी करून एकत्र करायची का?

---

गाठी

करू नका. माती तशीच ठेवून लगेच दुसरा प्रयोग मिळतो. मुळा उपटताना माती हलते, म्हणून सगळ्याच ४८ पिशव्यांची वरची ८ ते १० सेंटिमीटर माती खुरप्याने सारखी हलवा. जाड मुळं काढा, बारीक राहू द्या. खत काहीही घालू नका. मग प्रत्येक पिशवीत एकाच पिकाची आठ रोपं, त्याच चकतीने. माठ घ्या, तो नत्राला लगेच दाद देतो. तिसाव्या दिवशी कापून, वाळवून तोला. मुगानंतरच्या पिशवीत माठ किती वाढला आणि माठानंतरच्या पिशवीत किती, हे पट्ट्यापट्ट्याने जोडी लावून पाहा. नावांच्या पट्ट्या बदलू नका, जुन्याच राहू द्या, फक्त मागच्या बाजूला नवी तारीख घाला.